पाण्याचा पहारेकरी पाणीच!

मार्च महिना. सकाळची शाळा नुकतीच सुरू झाली होती. प्रार्थना संपते न संपते तोच तिसरीतला एक मुलगा ओरडला, "बाई, टाकी सांडतेय!" झालं! सगळी वानरसेना टाकीखाली. कुणी ओंजळ धरतंय, कुणी दुसऱ्याच्या अंगावर उडवतंय. मी रागवायला पुढे झाले, तर चौथीतली एक मुलगी बाजूला गप्प उभी दिसली. ती वरच्या वस्तीवर राहते. हल्ली रोज उशिरा यायची.

"काय गं, तू नाही खेळत?" मी विचारलं.

"बाई, चार दिवस झाले, आमच्या नळाला पाणीच चढत नाही. आईबरोबर विहिरीवर जावं लागतं."

खेळ तिथेच थांबला. मग आम्ही एक उद्योग केला. वर्गातली १५ लिटरची बादली वाहत्या पाण्याखाली धरली आणि घड्याळ लावलं. अर्ध्या मिनिटात बादली भरली! म्हणजे मिनिटाला ३० लिटर. गावाला पाणी सुटतं सकाळी ६ ते ९. आमची टाकी २००० लिटरची, ती सातच्या सुमाराला भरते. पुढचे दोन तास पाणी नुसतं वाहून जातं. फळ्यावर गुणाकार झाला : ३६०० लिटर. पंधरा लिटरचा एक हंडा धरला, तर २४० हंडे! आणि तेसुद्धा रोज.

गावात पाणी सोडणारे तात्या आहेत, त्यांना बोलावणं धाडलं. तात्या म्हणजे आमचे व्हॉल्व्हमन. खांद्यावर ती लांबलचक लोखंडी चावी घेऊन ते रस्त्यातले व्हॉल्व्ह उघडतात आणि बंद करतात. ते टाकीवर चढले, आत हात घातला आणि म्हणाले, "चेंडू बुडालाय, बाई."

टाकीत चेंडू कशाला, असं वाटलं ना? तुमच्या घराच्या टाकीतही तो असेल. नळाच्या तोंडाशी एक छोटी झडप असते, तिला एक दांडा आणि दांड्याच्या टोकाला आतून पोकळ चेंडू. टाकीतलं पाणी वाढलं की चेंडू तरंगत वर येतो, दांडा वर उचलला जातो आणि झडपेतला रबरी वायसर नळाचं भोक दाबून बंद करतो. पाणी वापरलं गेलं की चेंडू खाली, झडप उघडी! दुकानात याला बॉलकॉक म्हणतात. आमचा चेंडू तडकला होता. मुलांनी तो कानाशी धरून हलवला, तर आत गुडगुड. पाणी भरलेला चेंडू तरंगणार कसा? टाकी भरली तरी तो आपला खालीच, म्हणून झडप सताड उघडी.

आता बघा हं, या झडपेला वीज लागत नाही, चावी लागत नाही, की तात्याही लागत नाहीत. जे पाणी अडवायचं, तेच पाणी तिला उघडतं आणि मिटतं. आणि ही युक्ती काही कालची नव्हे. इ.स.पू. तिसऱ्या शतकात इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरात क्टेसिबिअस नावाचा एक कारागीर होता. त्यानं पाण्याचं घड्याळ केलं. घड्याळ बरोबर चालायला पाण्याची धार सारखी हवी, आणि धार सारखी हवी तर भांड्यातली पातळी सारखी हवी. म्हणून त्यानं भांड्यात तरंगता बोंडा ठेवला. पातळी वाढली की बोंडा वर येऊन येणाऱ्या पाण्याचं तोंड बुजवायचा. म्हणजे आमच्या चेंडूचा खापरपणजोबाच की!

"पण बाई, गावाच्या मोठ्या टाकीचा नळ केवढा जाड! तो एवढासा चेंडू कसा बंद करणार?" हा प्रश्न एका मुलानं विचारला आणि मला फार बरं वाटलं. खरंच आहे. एक फूट व्यासाच्या नळातलं पाणी अडवायला चेंडूचा जोर मुळीच पुरणार नाही. तिथे इंजिनिअर लोकांनी मोठी गंमत केली आहे.

नळात एक भक्कम लोखंडी झडप बसवतात. झडपेच्या वर एक बंद कप्पा असतो आणि कप्प्याचा तळ म्हणजे जाड रबराचा पडदा. झडपेची तबकडी या पडद्यालाच जोडलेली असते. आता नळातलंच थोडं पाणी बारीक नळीनं वरच्या कप्प्यात नेतात. समजा, नळातला दाब दर चौरस सेंटिमीटरला ३ किलो आहे. तबकडीचं तोंड २०० चौरस सेंटिमीटर आणि वरचा पडदा ४०० चौरस सेंटिमीटर. खालून वर ढकलणारा जोर ३ गुणिले २००, म्हणजे ६०० किलो. वरून खाली दाबणारा जोर ३ गुणिले ४००, म्हणजे १२०० किलो. कोण जिंकेल? वरचा! झडप घट्ट बंद. दाब तोच, पाणीही तेच, पण पडदा मोठा म्हणून जोर जास्त.

आणि उघडायची असेल तर? वरच्या कप्प्यातलं पाणी बाहेर सोडून द्यायचं. वरचा जोर गेला की खालचं पाणी तबकडीला आपसूक वर ढकलतं. कप्प्यातलं हे चिमूटभर पाणी सोडायचं की कोंडायचं, हे ठरवायला बाजूला एक करंगळीएवढी झडप असते. तिला हुकूम द्यायला मात्र टाकीतला चेंडू पुरेसा होतो. चेंडू छोट्या झडपेला सांगतो, छोटी झडप मोठीला सांगते. आमच्या शाळेत मुख्याध्यापक मला सांगतात आणि मी मॉनिटरला सांगते, तसंच!

याच मोठ्या झडपेला वेगळी छोटी झडप जोडली की ती वेगळं काम करते. हे नीट ऐका, कारण वरच्या वस्तीचं दुखणं इथेच आहे. पाण्याची उंची १० मीटर असली की तळाशी दाब असतो दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलो. आमच्या गावाची टाकी टेकडीवर आहे. खालची आळी तिच्यापेक्षा सुमारे ३० मीटर खाली, म्हणजे तिथे दाब ३ किलो. वरची वस्ती टाकीपेक्षा जेमतेम ६ मीटर खाली, तिथे अर्ध्या किलोहून थोडा जास्त. खालच्या तोट्यांतून पाणी धो धो उडतं, बादलीबाहेर सांडतं. नळांचे जोड गळायला लागतात. खाली सगळ्या तोट्या उघड्या असल्या, त्यात आमच्या शाळेची टाकी वाहत असली, की सगळं पाणी तिकडेच धावतं. वरच्या वस्तीला उरतो फक्त नळातला फुसफुस आवाज.

त्यावर उपाय म्हणजे दाब कमी करणारी झडप. हिच्या छोट्या झडपेत एक स्प्रिंग असते. स्क्रू फिरवून स्प्रिंग किती दाबायची ते एकदा ठरवायचं, समजा दीड किलोवर. झडपेच्या पुढच्या नळात दाब दीड किलोच्या वर जायला लागला की स्प्रिंग दबते, वरच्या कप्प्यात पाणी कोंडलं जातं आणि मोठी झडप थोडी मिटते. दाब उतरला की ती पुन्हा थोडी उघडते. दिवसरात्र तिची ही उघडमीट चालूच. तात्यांनी कितीही धावपळ केली तरी त्यांना हे जमणार नाही.

एक मात्र आहे, या झडपांना घाई चालत नाही. एक फूट व्यासाच्या आणि एक किलोमीटर लांबीच्या नळात सुमारे ७० टन पाणी असतं. माणसांनी भरलेल्या चार-पाच एस.टी. गाड्यांइतकं वजन! ते धावत असताना झडप धाडकन बंद केली तर काय होईल? घरातली तोटी झटकन बंद केल्यावर कधी कधी नळ "ठक्" करतो ना, त्याचाच मोठा भाऊ. नळ फुटूही शकतो. म्हणून कप्प्याकडे जाणारी नळी मुद्दाम बारीक ठेवतात, म्हणजे कप्पा हळूहळू भरतो आणि झडप हळूहळू मिटते.

रस्त्याकडेच्या मोठ्या जलवाहिनीवर, उंचवट्याच्या जागी, एक ठेंगणा लोखंडी डबा तुम्ही पाहिला असेल. तो एअर व्हॉल्व्ह. नळात पाणी भरताना आतली हवा उंच जागी साठते आणि वाट अडवते. ती या डब्यातून बाहेर जाते. मागोमाग पाणी आलं की आतला चेंडू तरंगून भोक बंद करतो. नळ रिकामा होताना चेंडू खाली पडतो आणि बाहेरची हवा आत येते. ती आली नाही तर पातळ पत्र्याचा मोठा नळ बाहेरच्या हवेच्या दाबानं चक्क चेपतो! या व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला की तो गळतो आणि तिथे हंड्यांची रांग लागते. कुठे कुठे तो मुद्दामही मोडलेला असतो. चूक आहेच ती. पण गावाच्या उशाशी शहराचं पाणी वाहतं आणि गावाला मात्र थेंब नाही, असं असलं की माणसं काय करणार, हेही मनात येतं. धोका मात्र मोठा. नळ रिकामा होऊ लागला की त्या व्हॉल्व्हभोवती साचलेलं घाण पाणी आत ओढलं जातं आणि पुढे कुणाच्या तरी माठात जातं.

ही युक्ती धरणावरही चालली, आणि तीही आपल्या महाराष्ट्रात! सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्यात इंजिनिअरिंग शिकले आणि १८८४ मध्ये मुंबई प्रांताच्या बांधकाम खात्यात लागले. पुण्याजवळच्या खडकवासला धरणासाठी त्यांनी आपोआप उघडणारे दरवाजे तयार केले. १९०३ मध्ये ते बसवले गेले. पुराचं पाणी ठरलेल्या पातळीच्या वर गेलं की दरवाजे उघडायचे आणि पूर ओसरला की पुन्हा मिटायचे. त्यामुळे भिंत उंच न करताही धरणात जास्त पाणी साठवता आलं. १९६१ मध्ये पानशेतच्या प्रलयात जुनं खडकवासला धरणही फुटलं. पण विश्वेश्वरय्यांची ती कल्पना पुढे ग्वाल्हेर आणि म्हैसूरच्या धरणांपर्यंत पोचली होती.

घरी टाकीतली किंवा फ्लशच्या टाकीतली झडप जरूर बघा, पण आई किंवा बाबा बरोबर असतील तरच. गच्चीवरच्या टाकीवर एकट्यानं चढायचं नाही! पालकांना एक विनंती : वायसर झिजला असेल तर मुलांसमोरच बदला. पाच मिनिटांचं तर काम, आणि मुलांना ते फार आवडतं.

आमच्या शाळेत नवा चेंडू त्याच दिवशी बसला. दुसऱ्या दिवशी सातला टाकी भरली आणि गप्प झाली. वरच्या वस्तीवरची ती मुलगी प्रार्थनेला हजर होती. "आलं का गं पाणी?" मी विचारलं.

"आलं बाई, पण बारीक. करंगळीएवढी धार."

तात्या म्हणतात, खालच्या आळीच्या तोंडाशी दाब कमी करणारी झडप बसली, तरच वरची धार मोठी होईल. तसा अर्ज आम्ही ग्रामपंचायतीला दिला आहे. अर्जाखाली चौथीच्या तेवीस मुलांच्या सह्या आहेत. दोघांनी पेन्सिलीनं केल्या होत्या, त्या पुन्हा शाईनं करून घेतल्या.