पदवीनंतरचे पुणे : पदवीधरांचा निवास, रोजगार आणि महाविद्यालयांची जबाबदारी

प्रस्तावना

उच्च शिक्षणाविषयी आपण जे लिहितो व बोलतो त्यात प्रवेशापासून पदवीपर्यंतच्या काळाचा विचार मुख्यत्वे येतो. पदवी हाती पडल्यावर विद्यार्थी एकतर नोकरीला लागतो, नाहीतर पुढील शिक्षणाकडे वळतो, नाहीतर गावी परत जातो, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात या तीन वाटांखेरीज चौथीही एक वाट आहे. पदवीधर ज्या शहरात शिकला त्याच शहरात राहतो. तेथे त्याला कायमची नोकरी मिळालेली नसते, तो कोणत्याही महाविद्यालयाचा विद्यार्थी उरलेला नसतो, आणि तरीही आपला दिवस तो विद्यार्थ्यासारखाच घालवतो. महाराष्ट्रात या स्थितीचे सर्वांत ठळक दर्शन पुण्यात घडते. म्हणून प्रस्तुत लेखात पुण्याचे उदाहरण घेऊन पदवीनंतरच्या या मुक्कामाचा विचार केला आहे.

लेखाचे उद्देश

१. पुण्यात पदवीधर मोठ्या प्रमाणावर का थांबतात हे स्पष्ट करणे.
२. त्यांच्या निवासाचे व रोजगाराचे स्वरूप समजून घेणे.
३. या काळात महाविद्यालयाची जबाबदारी कोणती असू शकते याचा विचार करणे.

विद्यार्थ्यांसाठी उभे राहिलेले शहर

पुण्याची शैक्षणिक परंपरा दीर्घ आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयाचा उगम १८५४ मध्ये झाला. डेक्कन एज्युकेशन सोसायटीने १८८५ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालय सुरू केले. सर परशुरामभाऊ महाविद्यालयाची स्थापना १९१६ मध्ये झाली आणि १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ अस्तित्वात आले. २०१४ पासून ते सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ या नावाने ओळखले जाते. १९८३ नंतर विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळू लागली आणि बाहेरगावाहून येणाऱ्या विद्यार्थ्यांचा ओघ आणखी वाढला.

महाविद्यालयांच्या जोडीने विद्यार्थ्याला सांभाळणारी एक व्यवस्थाही या शहरात विकसित झाली. माधुकरी मागून आणि वार लावून जेवून शिकलेल्यांच्या हकिकती जुन्या पुण्यात घरोघर सांगितल्या जात. १९०९ मध्ये अनाथ विद्यार्थी गृह स्थापन झाले. ग्रामीण भागातील गरजू विद्यार्थ्यांच्या निवासाची सोय करण्यासाठी १९५५ मध्ये विद्यार्थी साहाय्यक समिती उभी राहिली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्थेत रुजविलेले ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व पुढे विद्यापीठांच्या योजनांमध्येही आले. शिकणाऱ्याला उपाशी ठेवू नये, ही भावना या साऱ्यामागे होती. तिचा विस्तार मात्र शिक्षण चालू असेपर्यंतच आहे, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही.

पदवीच्या दिवशी काय संपते

अंतिम वर्षाचा निकाल लागताच विद्यार्थ्याच्या हातून काही गोष्टी एकदम जातात. वसतिगृहाची खोली रिकामी करावी लागते. ग्रंथालयाचे कार्ड जमा होते. शिष्यवृत्ती थांबते. बसचा सवलतीचा पास मिळत नाही. ‘कमवा आणि शिका’मधील कामही संपते. अडीअडचणीला ज्यांच्याकडे जावे ते प्राध्यापक त्याच शहरात असतात. परंतु त्यांच्याकडे जाण्याचे औपचारिक कारण उरत नाही.

यांपैकी एकेक गोष्ट किरकोळ वाटेल. तथापि त्या सर्व एकाच महिन्यात संपतात आणि त्यांच्या जागी येणाऱ्या गोष्टी, म्हणजे वेतन, भविष्य निर्वाह निधी, कर्मचारी विमा आणि नावावरचा पत्ता, अद्याप आलेल्या नसतात. एक संरक्षण संपलेले व दुसरे सुरू न झालेले, अशी ही मधली अवस्था आहे. अभियांत्रिकीच्या अनेक पदवीधरांसाठी ती तुलनेने अल्पकाळ टिकते; परिसर मुलाखतींतून नोकरी मिळाली की ते हिंजवडी, खराडी, तळवडे या भागांकडे सरकतात. कला, वाणिज्य व विज्ञान शाखांच्या पदवीधरांसाठी, विशेषतः मराठवाडा, विदर्भ, खानदेश व सोलापूरकडून आलेल्यांसाठी, ती अनेक वर्षांची होऊ शकते.

निवास : कॉट, करार आणि पत्ता

वसतिगृह सुटल्यावर पदवीधर सदाशिव पेठ, नारायण पेठ, नवी पेठ या भागांत ‘कॉट बेसिस’वर जागा घेतो. येथे खोली भाड्याने मिळत नाही. मिळते ती एक खाट, एक कपाट व सामाईक न्हाणीघर. जेवणासाठी मेस किंवा डबा असतो. बसण्यासाठी अभ्यासिका असते व तिचे शुल्क महिन्याला वेगळे द्यावे लागते. म्हणजे झोपण्याची, जेवण्याची व बसण्याची जागा तीन वेगवेगळ्या ठिकाणी असून तिन्हींचे भाडे स्वतंत्र असते. अप्पा बळवंत चौकातील पुस्तकबाजार, शिकवणी वर्ग आणि सोबतचे उमेदवार हे सर्व पायी जाण्याच्या अंतरावर असल्यामुळे दूरच्या उपनगरातील स्वस्त जागा त्याला परवडत असूनही सोयीची वाटत नाही.

या व्यवहारातील कायदेशीर बाजू दुर्लक्षित राहते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेपट्ट्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी व नोंदणीकृत असणे आवश्यक आहे. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. ती न केल्यास ३ महिन्यांपर्यंत कारावास किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. नोंदणीकृत करार नसेल आणि वाद उद्भवला, तर विरुद्ध पुरावा नसताना भाड्याच्या अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. म्हणजे कायदा दुर्बल बाजूला झुकते माप देतो. परंतु खाटेवर राहणाऱ्या पदवीधराला ही तरतूद क्वचितच ठाऊक असते. तोंडी व्यवहार, रोख अनामत आणि महिनाअखेरीस खाट सोडण्याचा निरोप, हाच त्याचा अनुभव असतो.

करार नसल्याचा दुसरा परिणाम अधिक खोल आहे. त्याला निवासाचा पुरावा मिळत नाही. तो शहरात सहा-सात वर्षे राहिला तरी त्याचे मत, शिधापत्रिका व पत्ता गावाकडचाच राहतो. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० नुसार मतदार नोंदणीसाठी त्या ठिकाणचा ‘सामान्य रहिवास’ पाहिला जातो. तेव्हा अशा पदवीधराला येथे नाव नोंदविण्यास तत्त्वतः अडचण नाही. शिवाय संविधानाच्या अनुच्छेद १७१ नुसार विधान परिषदेत पदवीधरांचे स्वतंत्र मतदारसंघ आहेत व पदवी मिळून किमान ३ वर्षे झालेल्यांना तेथे मतदानाचा हक्क आहे. पुणे विभाग पदवीधर मतदारसंघात पुणे, सातारा, सांगली, सोलापूर व कोल्हापूर हे जिल्हे येतात. ज्या वर्गासाठी हा मतदारसंघ निर्माण झाला त्याच वर्गातील पेठेत राहणारा पदवीधर पत्त्याच्या पुराव्याअभावी यादीबाहेर राहतो, हा विरोधाभास नोंदविण्यासारखा आहे.

परीक्षेचे कालमान

पदवीधर शहर का सोडत नाही, याचे प्रमुख कारण स्पर्धा परीक्षा हे आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेसाठी खुल्या प्रवर्गात ३२ वर्षे वय व ६ प्रयत्न अशी मर्यादा आहे. राज्य शासनाने २०१६ मध्ये राज्यसेवेसारख्या पदांसाठी कमाल वय खुल्या प्रवर्गास ३८ व मागास प्रवर्गास ४३ वर्षे केले. उशिरा शिक्षण पूर्ण करणाऱ्या ग्रामीण उमेदवाराला न्याय देणारा हा निर्णय होता. पण त्याची दुसरी बाजूही आहे. एकविसाव्या वर्षी पदवी घेणाऱ्या खुल्या प्रवर्गातील उमेदवारापुढे १७ वर्षे उरतात. ‘अजून वय आहे’ हे वाक्य त्यामुळे तिशी ओलांडल्यावरही खरे ठरते, आणि थांबण्याचा निर्णय बाहेरून कोणी लादत नसल्याने तो स्वतःला घ्यावा लागतो. तो घेणे फार कठीण असते.

या काळाची लांबी उमेदवाराच्या हाती नसते. एप्रिल २०२० मध्ये व्हावयाची राज्यसेवा पूर्वपरीक्षा कोरोनाच्या साथीमुळे लांबली. पुढे ती १४ मार्च २०२१ रोजी होणार असताना ११ मार्च रोजी पुन्हा स्थगित झाली. पुण्यात उमेदवार रस्त्यावर उतरले आणि अखेर २१ मार्च रोजी परीक्षा झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये दुसऱ्या एका परीक्षेची तारीख त्याच दिवशी आल्याने पुण्यात पुन्हा आंदोलन झाले आणि २५ ऑगस्टची पूर्वपरीक्षा पुढे ढकलण्यात आली. ती १ डिसेंबर २०२४ रोजी झाली. २०२४ चे पुढे ढकलणे उमेदवारांच्याच मागणीवरून झाले व ती मागणी रास्त होती. तरीही परीक्षा तीन महिने पुढे गेली की खाटेचे, मेसचे व अभ्यासिकेचे तीन महिन्यांचे पैसे घरून मागवावे लागतात. वेळापत्रकातील प्रत्येक बदल शेवटी गावाकडील एखाद्या शेतकऱ्याच्या किंवा मजुराच्या खर्चात उतरतो. मुलींच्या बाबतीत प्रश्न केवळ पैशाचा राहत नाही. घरून त्यांना बहुधा मुदत घालून पाठविलेले असते; परीक्षा लांबली म्हणून विवाहाचा विषय लांबतोच असे नाही.

रोजगार : थांबण्यापुरते काम

या काळात पदवीधर पूर्णतः बेकार असतो असे नाही. तो शिकवणी वर्गात उत्तरपत्रिका तपासतो, अभ्यासिकेची चावी सांभाळतो, दुकानात हिशेब लिहितो, संध्याकाळी खाद्यपदार्थ घरपोच देतो. ही कामे तो उपजीविकेसाठी करतो. ती त्याला पुढच्या परीक्षेपर्यंत शहरात थांबता यावे एवढेच देतात. त्यांतून अनुभवाचे प्रमाणपत्र मिळत नाही आणि पदवीत शिकलेल्या विषयाशी त्यांचा संबंध नसतो. तिसाव्या वर्षी मुलाखतीत ‘या आठ वर्षांत काय केले?’ असे विचारल्यास त्याच्याजवळ श्रमांचा साठा असतो, पण कागद नसतो.

यावर काही उपाय उपलब्ध आहेत. शिकाऊ उमेदवारी कायदा, १९६१ मध्ये २०१४ साली दुरुस्ती होऊन अभियांत्रिकीखेरीज अन्य शाखांच्या पदवीधरांनाही शिकाऊ उमेदवार म्हणून घेण्याचा मार्ग खुला झाला. राज्याने २०२४ मध्ये सुरू केलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला ६ महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी दरमहा १०,००० रुपये विद्यावेतन ठेवण्यात आले. या योजनांच्या मर्यादा उघड आहेत. तरीही लेखी करार, हजेरीची नोंद आणि प्रमाणपत्र या तीन गोष्टी घरपोच सेवेच्या कामापेक्षा निश्चितच अधिक मोलाच्या आहेत.

आपल्याच दालनातील पदवीधर

शहरात थांबलेल्या पदवीधरांचा एक गट आपल्या अगदी निकट आहे. पदव्युत्तर पदवी घेऊन नेट अथवा सेट उत्तीर्ण झालेले आणि महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकविणारे ते सहकारी होत. त्यांना घेतलेल्या तासापुरते मानधन मिळते. सुटीच्या महिन्यांत तास नसतात, म्हणून मानधनही नसते. पूर्ण आठवड्याचे काम एका ठिकाणी मिळत नसल्याने अनेकांना दोन-तीन महाविद्यालयांत धावपळ करावी लागते. प्राध्यापक भरतीवरील दीर्घकालीन निर्बंधांमुळे ही तात्पुरती व्यवस्था अनेकांच्या बाबतीत दशकभराची झाली. पेठेतील उमेदवाराविषयी बोलताना आपण त्याला ‘वेळीच थांबायला हवे होते’ असे सहज म्हणतो; परंतु शेजारच्या खुर्चीवरील सहकाऱ्याची अवस्था त्याहून वेगळी नाही. दोघेही पात्र आहेत, दोघेही जाहिरातीची वाट पाहत आहेत.

नोंदीतील रिकामी जागा

राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेने २०१७ मध्ये लागू केलेल्या सुधारित आराखड्यात ‘विद्यार्थी साहाय्य व प्रगती’ या निकषाखाली नोकरी मिळालेले, उच्च शिक्षणास गेलेले व स्पर्धा परीक्षा उत्तीर्ण झालेले विद्यार्थी यांची माहिती मागविली गेली. या तिन्ही रकान्यांत यशाची नोंद होते. प्रयत्न करीत असलेला पदवीधर कोणत्याच रकान्यात येत नाही. त्यामुळे तो महाविद्यालयापासून चार चौकांवर राहत असला तरी महाविद्यालयाच्या दृष्टीने तो दिसेनासा होतो. माजी विद्यार्थी मेळाव्यालाही तो सहसा येत नाही. ‘सध्या काय करतोस?’ या प्रश्नाचे उत्तर त्याच्यापाशी नसते.

शिफारशी

१. पदवीनंतर किमान २ वर्षे ग्रंथालयाचे व वाचनकक्षाचे सभासदत्व नाममात्र शुल्कात चालू ठेवावे.
२. अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी भाडेकरार, निवासाचा पुरावा व मतदार नोंदणी यांविषयी एक सत्र घ्यावे. विधी व राज्यशास्त्र विभागांच्या साहाय्याने हे सहज होण्यासारखे आहे.
३. स्पर्धा परीक्षा मार्गदर्शन केंद्रांनी यशस्वी उमेदवारांच्या सत्कारासोबत, ठरावीक प्रयत्नांनंतर दुसरा मार्ग स्वीकारलेल्या माजी विद्यार्थ्यांचीही भाषणे ठेवावीत.
४. शिकाऊ उमेदवारीच्या योजनांची माहिती पदवीपूर्वीच द्यावी व स्थानिक आस्थापनांशी संपर्क ठेवावा.
५. पदवीनंतर पहिल्या, तिसऱ्या व पाचव्या वर्षी प्रत्येक विद्यार्थ्याशी संपर्क साधून नोंद ठेवावी व तीत ‘प्रयत्नशील’ असा स्वतंत्र रकाना असावा.
६. तासिका तत्त्वावरील अध्यापकांचे मानधन दरमहा द्यावे आणि त्यांना अनुभवाचे प्रमाणपत्र मागणीविना मिळावे.

समारोप

गरीब विद्यार्थ्याला शिकता यावे यासाठी पुण्यात शंभराहून अधिक वर्षे काम झाले. आज अडचण पदवीनंतर सुरू होते, आणि त्या टप्प्यासाठी शहरात फारशी व्यवस्था नाही. रोजगार निर्माण करणे महाविद्यालयाच्या आवाक्यात नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु पदवी देणाऱ्या संस्थेने त्या पदवीधराला आणखी काही वर्षे ओळख दाखविणे, त्याला कायद्याची माहिती देणे आणि थांबण्याइतकेच वळण्याचेही धैर्य देणे, हे तिच्या आवाक्यात निश्चित आहे. पदवीप्रदान समारंभात आपण विद्यार्थ्याला निरोप देतो. तो दुसऱ्या दिवशीही त्याच रस्त्याने जात असतो, याचे भान ठेवून आपले काम आखावयास हवे.