राखणदार ठेवा, पण घरच्या माणसाला वाट द्या

वाड्यातला कुत्रा रात्री चोरावर भुंकतो, तसाच दुपारी पोस्टमनवरही भुंकतो. म्हणून कोणी कुत्रा हाकलून देत नाही. एकदोनदा "गप रे, आपला माणूस आहे" असे दटावले की तो ओळखू लागतो. तुमच्या मोबाइलच्या ब्राउझरमध्येही असाच एक राखणदार बसलेला आहे. त्याच्याशी कसे वागावे, हे आमच्या घराला थोडी झळ बसल्यावरच कळले.

गेल्या खरिपात सोयाबीनच्या विम्याचा अर्ज पुतण्याने मोबाइलवर भरला. शेवटी पावतीचे बटण दाबले, तर काहीच होईना. मुदतीचा शेवटचा दिवस, बाहेर पावसाची झड. पाच वेळा बटण दाबून "साइट बंद पडली" असा निकाल आम्ही देऊन टाकला. साइट चांगली चालू होती. पावती नव्या खिडकीत उघडू पाहत होती आणि ब्राउझर ती अडवत होता. 'पॉप-अप ब्लॉक केला' अशी बारीक ओळ पडद्यावर येऊन गेली होती. ती वाचायला सवड कोणाला?

असे का होते, ते सांगतो. बोट लावताच उघडणारी खिडकी ब्राउझर बहुधा उघडू देतो. पण रेंज कमी असली आणि खिडकी उशिराने उघडू लागली, की ती न बोलावता आली असे त्याला वाटते. जाहिरातवाले नेमके असेच घुसतात. कोणी वेगळा जाहिरातरोधक बसवला असेल, तर तो नावांची यादी पाहून अडवतो, आणि त्या झपाट्यात कधी कधी पैसे भरण्याचे पानही अडकते. पैसे कापल्याचा निरोप बँकेकडून आला आणि पावती दिसली नाही, तर पुन्हा पैसे भरू नका. आधी अर्जाची स्थिती पाहा.

पुतण्याने काय केले? सेटिंग्जमध्ये जाऊन सगळ्याच साइटना मोकळीक दिली. पावती मिळाली, पण राखणदार रजेवर गेला तो गेलाच. आठ दिवसांनी भावजय कुठल्याशा पानावर कांद्याचे भाव पाहत होती, तोच लाल अक्षरे उमटली: 'फोनमध्ये व्हायरस शिरला आहे, लगेच हे अ‍ॅप घ्या.' दुधाचे पैसे जमा होतात ते तिचे बँक खाते त्याच फोनवर. बोट ठेवण्याआधी तिने हाक मारली, हे आमचे नशीब.

तेव्हा मोकळीक द्यायची ती एकट्या त्या साइटला. क्रोममध्ये 'पॉप-अप ब्लॉक केला' ही ओळ दिसली, की तिथेच 'नेहमी दाखवा' म्हणता येते. संगणकावर पत्त्याच्या पट्टीत उजवीकडे खूण येते, ती दाबून त्याच साइटपुरती परवानगी देता येते. फायरफॉक्समध्ये ढालीची आणि ब्रेव्हमध्ये सिंहाची खूण असते. तीही त्या साइटपुरती बंद करता येते.

पण मोकळीक देण्याआधी पत्ता वाचा. इथे घाई नको. पत्त्यातल्या पहिल्या तिरप्या रेघेच्या लगेच आधीचे शब्द पाहायचे. तिथे 'डॉट गव्ह डॉट इन' असेल तर ती जागा सरकारी. हे नाव सरकारी कार्यालयांनाच मिळते. 'गव्ह' मध्येच कुठेतरी असेल आणि शेवट 'डॉट कॉम' असेल, तर उठून चालू लागा. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' हे नाव घ्यायला सांगितले होते, तेव्हा बँकेचा पत्ता तसा आहे का, तेही पाहा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या दुव्यावरून मात्र आत शिरूच नका. किसान योजनेच्या नावाने खोटी अ‍ॅप अशीच वाटली गेली आहेत.

'सूचना पाठवू का?' असे एखादी साइट विचारते, तेव्हा 'नको' म्हणायला कसला संकोच? उतारा किंवा पावती मिळवण्यासाठी सूचनांची गरज नसते. लाल अक्षरांचे बरेचसे निरोप याच दारातून येतात. चुकून बोट पडलेच आणि पैसे गेले, तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर फोन करा.

त्या रात्री पुतण्याला समोर बसवले. तीन ठिपके, सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, 'पॉप-अप आणि रीडायरेक्ट', तिथली मोकळीक बंद. मग 'सूचना'. तिथे परवानगी दिलेल्या साइटची भली मोठी यादी निघाली. निम्मी नावे कोणाला वाचताही येईनात. भावजय एकेक नाव विचारत गेली आणि तो खोडत गेला. आता पॉप-अपच्या यादीत तीनच नावे आहेत: विम्याची साइट, सातबाऱ्याची आणि बँकेची.