ड्रोनच्या कामात 'ब्राव्हो' आणि 'डेल्टा'

लग्नाचे चित्रीकरण, पिकांवर फवारणी अशा कामांसाठी आपले कित्येक कारागीर बंधू आता ड्रोन बाळगतात. उडविणारा एका टोकाला, नजर ठेवणारा साथीदार दुसऱ्या टोकाला आणि दोघांत वॉकीटॉकी. खरखरीत 'बी', 'डी', 'पी', 'टी' सारखेच ऐकू येतात. 'डी' प्लॉटवर विजेची तार आहे, असा निरोप आला आणि ऐकणाऱ्याने 'बी' समजून 'डी'कडे ड्रोन नेला, तर यंत्र गेलेच म्हणून समजा. नुकसानीचा हिशेब वेगळा सांगायला नको.

विमानवाल्यांनी यावर तोडगा केव्हाच काढला. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेची शब्दमाला १९५६ पासून लागू आहे. बी म्हणजे ब्राव्हो, डी डेल्टा, पी पापा, टी टँगो. 'नाईन' आणि 'फाईव्ह' यांची गल्लत होऊ नये म्हणून नऊला 'नायनर' म्हणतात. फोनवर आपणही 'डी फॉर दिल्ली' सांगतोच. पण ज्याचा त्याचा शब्द निराळा, ही त्यातली अडचण.

शब्द पाठ झाले तरी काम संपत नाही. ऐकणाऱ्याने निरोप परत म्हणून दाखवावा. 'डेल्टावर तार, थांब.' 'डेल्टावर तार, थांबलो.' हे ऐकू येईपर्यंत साथीदाराने निरोप पोहोचला असे धरू नये.