सिग्नलवरील रांग आणि दोन वाहनांमधील अंतर : एक विवेचन

वाहतूक नियंत्रणाच्या अभ्यासात वेग, रस्त्याची रुंदी आणि सिग्नलचा कालावधी यांचा विचार विस्ताराने होतो. लाल दिव्यासमोर थांबलेल्या दोन वाहनांमध्ये किती अंतर असावे, हा प्रश्न मात्र बहुधा क्षुल्लक मानला जातो. प्रस्तुत लेखात वेळ आणि सुरक्षितता या दोन दृष्टींनी त्याचा विचार केला आहे.

पुढच्या वाहनाला जितके चिकटून उभे राहावे तितका चौक लवकर पार होतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक विद्यापीठातील फरझाद अहमदी, जोनाथन बोरेको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात ही समजूत तपासली. चाचणी-रस्त्यावरील सिग्नलसमोर मोटारी निरनिराळ्या अंतरांवर उभ्या करून ड्रोनद्वारे चित्रीकरण करण्यात आले. अंतर सुमारे २५ फुटांपर्यंत, म्हणजे साडेसात मीटरपर्यंत वाढवले, तरी रांगेला चौक पार करण्यास लागणाऱ्या वेळेत लक्षणीय फरक पडला नाही. चिकटून उभ्या असलेल्या चालकाला हिरवा दिवा लागला तरी लगेच निघता येत नाही. पुढे सुरक्षित अंतर निर्माण होईपर्यंत त्याला थांबावेच लागते. अंतर राखणारा चालक तुलनेने लवकर हलतो. जवळ उभे राहून मिळवलेला लाभ असा प्रतीक्षेत खर्ची पडतो. बर्फ वितळताना तापमान न वाढता उष्णता शोषली जाते, त्या अप्रकट उष्म्याशी संशोधकांनी या प्रतीक्षेची तुलना केली आहे. भौतिकशास्त्राच्या अध्यापकांना वर्गात वापरण्याजोगे हे उदाहरण आहे.

हा निष्कर्ष आपल्याकडे जसाच्या तसा लागू करता येत नाही. दहा मोटारींनी प्रत्येकी एक मीटरऐवजी तीन मीटर अंतर ठेवले, तर रांग अठरा मीटरने लांबते आणि चौक जवळजवळ असल्यास मागचा चौक अडू शकतो. शिवाय मोकळ्या जागेत दुचाकी शिरतात. तरीही पुढच्या वाहनाची मागील चाके रस्त्याला टेकलेली दिसावीत इतके अंतर ठेवणे व्यवहार्य आहे. पुढचे वाहन बंद पडल्यास तेवढ्या जागेतून बाजूने निघता येते. १९८९ च्या केंद्रीय नियमावलीतही पुढील वाहनापासून पुरेसे अंतर राखण्यास सांगितले होते. परंतु तो नियम धावत्या वाहनांचा होता आणि अंतराचे मीटरमधील माप त्यात नव्हते. तिची जागा २०१७ च्या नियमावलीने घेतली.

करमाळा तालुक्यात वेळेपेक्षा सुरक्षिततेची बाजू अधिक महत्त्वाची ठरते. उजनी जलाशयाच्या काठचा ऊस गळीत हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरने कारखान्यांकडे जातो. सिग्नल असो वा नसो, चौकात वा फाट्यावर त्यामागे रांग लागतेच. चढावर थांबलेला भरलेला ट्रॅक्टर पुन्हा निघताना मागे सरकू शकतो. ट्रॉलीबाहेर आलेल्या उसामुळे चालकाला थेट मागे उभा असलेला मोटारसायकलस्वार दिसत नाही आणि त्या स्वारामागे दुसरे वाहन असल्यास त्याला मागे हटण्यासही जागा उरत नाही. अशा ट्रॉलीमागे किमान एका मोटारीच्या लांबीइतकी जागा सोडावी, चढावर त्याहूनही अधिक.