गुडघ्याच्या अस्थिबंधाची शस्त्रक्रिया : त्या दिवशी काय घडते?

उरण तालुका हा बंदराचा, मासेमारीचा आणि कबड्डीचा तालुका. पकड सोडवताना पाय मैदानात रोवलेला राहतो व शरीर वळते. ओल्या धक्क्यावर पाऊल निसटते. दुचाकीवरून पडताना गुडघा पिळवटतो. अशा वेळी गुडघ्यात पुष्कळदा आतील पुढचा अस्थिबंध, म्हणजेच लिगामेंट, तुटतो. नडगीचे हाड पुढे सरकू न देणारा हा दोर तुटला, की वळताना गुडघा अचानक दगा देतो. प्रत्येक रुग्णास शस्त्रक्रिया लागतेच असे नाही. काहींना व्यायामानेही पुरेसे स्थैर्य लाभते. ज्यांना ती करावी लागते, त्यांच्या कुटुंबीयांना दार बंद झाल्यानंतर आत काय चालते याची चिंता असते. ती दूर व्हावी आणि देणगीदारांनाही आपल्या साहाय्याचा उपयोग कळावा, या हेतूने त्या दिवसाची माहिती येथे देत आहोत.

दाखल होण्यापूर्वी

भूल देताना पोट रिकामे असणे अत्यावश्यक आहे. अन्यथा अन्न उलटून श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. हलक्या आहारानंतर किमान ६ तास व तळकट किंवा जड जेवणानंतर ८ तास जावे लागतात. साधे पाणी भूलतज्ज्ञांच्या अनुमतीने २ तास आधीपर्यंत घेता येते. दुधाचा चहा मात्र अन्नच समजावा. ‘घोटभर चहाने काय होते’ या मायेपोटी शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागू शकते. मधुमेह, रक्तदाब अथवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्यास आधीच सांगावे. गुडघ्यावरील केस घरी वस्तऱ्याने काढू नयेत. बारीक जखमांतून जंतुसंसर्ग होतो.

मंगळसूत्र, बांगड्या, अंगठी, करदोटा व कृत्रिम दात उतरवून नातेवाइकांकडे द्यावेत. रक्तस्राव थांबविणाऱ्या विद्युत उपकरणामुळे धातूजवळ भाजण्याचा संभव असतो. नखांचा रंगही काढावा. बोटाला लावलेल्या यंत्राला रक्तातील प्राणवायू मोजण्यास त्याचा अडथळा होतो.

शस्त्रक्रियागृहात

रुग्णास नाव, कोणता गुडघा, कोणती शस्त्रक्रिया हे प्रश्न वारंवार विचारले जातात. हा विसराळूपणा नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये प्रसृत केलेल्या सुरक्षा सूचीत ही खातरजमा अंतर्भूत आहे. गुडघ्यावर शाईची खूण करतात ती याच कारणासाठी.

बहुधा पाठीच्या कण्यात इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात. रुग्ण जागा असू शकतो, त्यास आवाज ऐकू येतात, पण वेदना होत नाहीत. छेद घेण्यापूर्वी प्रतिजैविक दिले जाते. मांडीवर दाबाचा पट्टा बांधला जातो, त्यामुळे पुढे एक-दोन दिवस मांडी दुखते. नंतर लहान छिद्रांतून दुर्बीण आत जाते. १९१८ मध्ये टोकियोत केंजी ताकागी यांनी मृतदेहाच्या गुडघ्यात अशी दुर्बीण घालून पाहिली. आज तिच्यामुळे गुडघा पूर्ण उघडावा लागत नाही.

तुटलेला अस्थिबंध सहसा नुसता शिवून भागत नाही. रुग्णाच्याच मांडीमागील किंवा वाटीखालील कंडरेचा भाग घेऊन नवा दोर तयार करतात, हाडांतील बोगद्यांतून ओवतात आणि स्क्रू किंवा बटणाने पक्का करतात. यास साधारण १ ते २ तास लागतात. भूल, तयारी व नंतरची देखरेख धरून रुग्ण ३-४ तासांनी खाटेवर येतो. तेव्हा विलंब म्हणजे विपरीत घडले, असे समजू नये.

पहिली रात्र

परतल्यावर पाय काही तास हलत नाहीत. भूल उतरली की हलतात. त्याच सुमारास वेदना सुरू होते. ती शस्त्रक्रिया फसल्याची खूण नव्हे. असह्य होण्याची वाट न पाहता परिचारिकेस सांगावे. पट्टीवर गुलाबी ओल दिसते, ते बहुतांशी शस्त्रक्रियेत वापरलेले पाणी असते. लघवी न होणे, बोटे गार वा निळी पडणे, पोटरी सुजून दुखणे, धाप लागणे किंवा पट्टी लाल रक्ताने भिजत जाणे, यांपैकी काहीही आढळल्यास त्वरित कळवावे. घरी गेल्यावर ताप आला किंवा जखमेतून पू आला, तरी विनाविलंब परत यावे.

डॉक्टरांच्या सूचनेनुसार घोटा वर-खाली हलविण्याचा व्यायाम त्याच दिवशी सुरू होतो. घरी नेताना पाय सरळ ठेवता येईल असे वाहन आणावे. दुचाकीवर, गर्दीच्या लोकलमध्ये किंवा मोरा बंदरातील हलत्या लाँचवर कुबड्या घेऊन चढू नये.

त्या दिवसानंतर

सर्वांत महत्त्वाचे असे, की त्या दिवशी गुडघा बरा होत नाही. बरा होण्यास आरंभ होतो. बसविलेल्या कंडरेला प्रारंभी स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. शरीर तिच्यात नव्या रक्तवाहिन्या रुजवीत असता ती काही काळ आधीपेक्षाही दुबळी होते. नेमक्या याच सुमारास, दोन-तीन महिन्यांनी, दुखणे थांबते आणि तरुणास मैदान खुणावू लागते. दुखत नाही म्हणजे दोर रुजला, असे नव्हे. ९ महिन्यांपूर्वी आणि स्नायूंची ताकद तपासल्याविना कबड्डी खेळू नये.

हातावर पोट असलेल्या घरास एवढे महिने परवडत नाहीत. रोज बुडतो म्हणून फिजिओथेरपी सुटते, आणि उत्तम झालेली शस्त्रक्रियाही वाया जाते. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशान्वये २००६ पासून लागू झालेल्या योजनेनुसार राज्यातील धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. परंतु खाट सुटल्यानंतरचे जाणे-येणे, ब्रेस आणि व्यायाम यांचा भार कुटुंबावरच पडतो. देणगीदारांनी आपल्या साहाय्याचा काही अंश या नंतरच्या महिन्यांसाठी राखावा, आणि कुटुंबीयांनी रुग्णास व्यायामाला नियमित आणावे, अशी उभयतांस आमची नम्र विनंती आहे.