पाळण्यापर्यंत पोहोचणारा फिरंगरोग

गर्भवतीकडून पोटातल्या बाळाकडे जाऊ शकणारे लैंगिक संसर्ग अनेक असले, तरी त्यांतला उपदंश, म्हणजे बोलीभाषेतली ‘गरमी’, एका बाबतीत सर्वांहून वेगळा ठरतो : तो ओळखायला थेंबभर रक्त पुरते, बरा करायला ऐंशी वर्षांपूर्वीचे औषध आजही पुरते, आणि तरीही तो नवजात बालकांचे बळी घेतच राहिला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१६ या एका वर्षात जगभरात जन्मजात उपदंशाची सुमारे ६ लाख ६१ हजार प्रकरणे घडली. त्यांत सुमारे १ लाख ४३ हजार गर्भ पोटातच दगावले किंवा मृत जन्मले आणि सुमारे ६१ हजार अर्भके जन्मानंतर काही दिवसांतच गेली. यांतली फारच थोडी मुले औषध अस्तित्वात नसल्याने गेली असतील. बहुतेक ठिकाणी औषध उशिरा पोहोचले, किंवा बाईपर्यंत पोहोचले आणि तिच्या नवऱ्यापर्यंत पोहोचलेच नाही.

भारतीय वैद्यकात या रोगाचे ठळक वर्णन सोळाव्या शतकातल्या भावमिश्रांच्या ‘भावप्रकाश’ या ग्रंथात सापडते. पोर्तुगीज पश्चिम किनाऱ्यावर स्थिरावल्यानंतरचा हा काळ असल्याने फिरंग्यांच्या संसर्गातून होणारा तो ‘फिरंगरोग’, असे नाव त्याला मिळाले आणि त्यावर पाऱ्याचे कल्प व चोपचिनी यांचे उपचार सांगितले गेले. दोष परक्याच्या माथी मारण्याची ही खोड केवळ इथलीच नव्हती, कारण इटलीत याच रोगाला फ्रेंचांचा रोग म्हणत आणि फ्रान्समध्ये नेपल्सचा. पुढे घराच्या चौकटीत हा ठपका परक्यावरून सरकत बाईवर येऊन स्थिरावला, आणि तो अजून तिथून हललेला नाही.

रोगाचे खरे कारण १९०५ मध्ये बर्लिनमध्ये फ्रिट्झ शाउडिन आणि एरिक हॉफमन यांनी दाखवून दिले. ‘ट्रेपोनेमा पॅलिडम’ हा मळसूत्रासारखा पिळदार, अतिशय बारीक जिवाणू साध्या सूक्ष्मदर्शकाखाली सहजी दिसत नाही. शरीरात शिरल्यावर काही आठवड्यांनी तो शिरल्याच्या जागी एक व्रण उमटवतो, पण तो दुखत नाही, आणि स्त्रीमध्ये बऱ्याचदा योनिमार्गात किंवा गर्भाशयाच्या मुखावर असल्याने तिला तो दिसतही नाही. उपचार न करताही व्रण भरून येतो. पुढे अंगावर पुरळ उठून तेही मावळते, आणि त्यानंतर रोग ‘सुप्तावस्थेत’ जातो, म्हणजे लक्षण एकही नसते पण जिवाणू शरीरात असतो. गर्भवतीला आपल्याला काही झाले आहे याची कल्पनाच नसणे ही म्हणूनच नेहमीची गोष्ट असून, ‘हिला काही त्रास नव्हता’ या वाक्याला या रोगात काहीच वजन नाही.

रक्तात मिसळलेला हा जिवाणू वारेतून, म्हणजे आईचे व गर्भाचे रक्त एकमेकांत न मिसळू देता त्यांच्यात पोषणाची देवाणघेवाण करणाऱ्या अवयवातून, बाळापर्यंत जातो. आईचा संसर्ग जितका ताजा तितका धोका मोठा, त्यामुळे लग्नानंतर लवकर दिवस राहिलेल्या आणि त्याच सुमारास संसर्ग झालेल्या तरुण मुलीचे बाळ सर्वांत जास्त जोखमीत असते. परिणामांची रीतही विचित्र आहे. काही गर्भ पाचव्या-सहाव्या महिन्यात पोटातच जातात. काही बाळे वेळेआधी, कमी वजनाची आणि यकृत-प्लीहा वाढलेली अशी जन्मतात. आणि बरीचशी बाळे जन्मतः अगदी धडधाकट दिसून काही आठवड्यांनी आजारी पडतात. या बाळांचे नाक सतत, कधी रक्तमिश्रित, वाहू लागते, आणि त्या स्रावात जिवंत जिवाणू असल्याने हातमोजे न घालता ते पुसणाऱ्यालाही संसर्ग होऊ शकतो. तळहात-तळपायांची कातडी सोलवटते. हाडांच्या टोकांना सूज येऊन इतके दुखते की बाळ एखादा हात हलवेनासे होते आणि घरच्यांना तो लुळा पडला असे वाटते. यातून वाचलेल्या पण उपचार न मिळालेल्या मुलांमध्ये पुढे काय दिसते, हे एकोणिसाव्या शतकात लंडनच्या जोनाथन हचिन्सन यांनी नोंदवले : खाच पडलेले पुढचे दात, डोळ्याच्या बुबुळावर येणारा धूसरपणा आणि बहिरेपणा. ही तीन लक्षणे आजही त्यांच्याच नावाने ओळखली जातात.

निदानाची साधी रीत म्हणजे बोटातून रक्ताचा थेंब काढून चाचणीच्या पट्टीवर सोडणे. पंधरा-वीस मिनिटांत रेषा उमटते किंवा उमटत नाही, आणि भारताच्या कार्यक्रमात एचआयव्ही व उपदंश यांची एकत्र तपासणी करणारी पट्टीही आहे. दुसरी जुनी चाचणी ‘व्हीडीआरएल’ या नावाने प्रत्येक दवाखान्यात माहीत आहे. तिच्यात रक्तद्रव दुप्पट-दुप्पट पातळ करत नेऊन कितव्या पायरीपर्यंत प्रतिक्रिया दिसते हे मोजतात, आणि त्या आकड्याला ‘टायटर’ म्हणतात. बाळाच्या बाबतीत हा आकडा फसवा ठरू शकतो, कारण आईची प्रतिद्रव्ये वारेतून बाळाच्या रक्तात उतरतात आणि बाळ निरोगी असूनही चाचणी सकारात्मक येते. म्हणून बाळाचा टायटर आईच्या चौपट किंवा त्याहून अधिक आहे का, हे पाहावे लागते.

उपचार आहे बेंझाथिन पेनिसिलिनचे २४ लाख युनिटचे इंजेक्शन. पांढरी पूड पाण्यात मिसळल्यावर ती दुधासारखी घट्ट होते, बारीक सुईत अडकते, म्हणून जाड सुईने खुब्यातल्या स्नायूत खोलवर टोचावी लागते, आणि ती दुखते. ताज्या संसर्गाला एक मात्रा पुरते. संसर्ग जुना असेल किंवा किती जुना हे कळत नसेल, तर आठवड्याच्या अंतराने तीन मात्रा लागतात. या जिवाणूने पेनिसिलिनला दाद न देण्याची कला अजून साधलेली नाही, ही जिवाणूंच्या जगात दुर्मिळ म्हणावी अशी कृपा आहे. इतर काही प्रतिजैविके आईला उपयोगी पडली तरी गर्भापर्यंत पुरेशी पोहोचत नाहीत, त्यामुळे पेनिसिलिनची अॅलर्जी असलेल्या गर्भवतीलाही तज्ज्ञांच्या देखरेखीखाली हेच औषध सहन होईल अशी तयारी करून ते दिले जाते. बाळंतपणाच्या किमान चार आठवडे आधी उपचार सुरू झाले नसतील, तर बाळ सुरक्षित आहे असे मानता येत नाही. नववा महिना लागल्यावर हाती आलेला अहवाल म्हणूनच बाळाच्या दृष्टीने उशिराचाच.

महाराष्ट्रात नेमक्या इथे दोन गोष्टी आड येतात. नावनोंदणी सासरच्या गावी आणि पहिले बाळंतपण माहेरी, ही रीत मायेची असली, तरी पहिल्या मात्रेनंतर गाव बदललेल्या बाईची दुसरी आणि तिसरी मात्रा कोणाच्या वहीत येत नाही. ऊसतोडणीसाठी बीडकडून सहा-सहा महिने बाहेर जाणाऱ्या कुटुंबांत तर गावच बदलते ठरते. गर्भारपणात मात्रा चुकली तर उपचार पुन्हा पहिल्यापासून द्यावे लागतात. दुसरी गोष्ट नवऱ्याची. बाईवर उपचार झाले आणि तो तपासणीला आलाच नाही, तर काही आठवड्यांत तोच संसर्ग तिच्याकडे परत येऊ शकतो. केवळ गरीब देशांची ही अडचण आहे असेही नाही : अमेरिकेत २०१२ मध्ये जन्मजात उपदंशाची ३३५ प्रकरणे होती, ती २०२२ मध्ये ३,७०० हून अधिक झाली, आणि तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने त्यांतली जवळपास दहापैकी नऊ वेळेवर तपासणी व उपचारांनी टाळता आली असती असे म्हटले.

इतर संसर्गांचे मार्ग निराळे आहेत. परमा, म्हणजे गोनोरिया, बाळाला जन्ममार्गातून बाहेर पडताना लागतो आणि दोन ते पाच दिवसांत डोळे पुवाने भरतात. उपचाराविना दृष्टी जाऊ शकते. लाइपझिगच्या कार्ल क्रेडे यांनी १८८० मध्ये नवजातांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकायला सुरुवात केली, तेव्हा त्यांच्या रुग्णालयातले याचे प्रमाण सुमारे दहा टक्क्यांवरून एका टक्क्याच्या खाली आले. क्लॅमिडियाने डोळ्यांखेरीज न्यूमोनियाही होतो. जननेंद्रियावरील नागीण, अर्थात हर्पीस, आईला शेवटच्या महिन्यांत पहिल्यांदाच झाली तर सर्वांत घातक, आणि अशा वेळी सिझेरियनचा निर्णय घ्यावा लागतो. एचआयव्ही उपचाराविना १५ ते ४५ टक्के बाळांत उतरतो, तर आईची औषधे नियमित चालू असल्यास ५ टक्क्यांच्या खाली. कावीळ ‘ब’चा संसर्ग जन्माच्या वेळी झालेल्या दहापैकी नऊ बाळांत आयुष्यभराचा ठरतो, म्हणून लशीची पहिली मात्रा जन्मानंतर २४ तासांच्या आत द्यायची असते, आणि ‘घरी गेल्यावर बघू’ म्हणून ती पुढे ढकलण्याला अर्थ नाही.

श्रीलंकेने २०१९ मध्ये आईकडून बाळाला होणारा एचआयव्ही आणि उपदंश या दोहोंच्या निर्मूलनाचे जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमाणपत्र मिळवले. तिथे वापरलेली चाचणी आणि इंजेक्शन दोन्ही इथल्या सरकारी दवाखान्यांतही आहेत. घरात कोणाला दिवस गेले असतील, तर तिसरा महिना संपण्यापूर्वी तिच्या कार्डावर उपदंशाच्या तपासणीचा निकाल लिहिलेला आहे का हे पाहावे, नसल्यास पुढच्या भेटीत मागून घ्यावा, आणि तो सकारात्मक आलाच तर पुढच्या वेळी नवऱ्याने तिला दवाखान्याच्या दारात सोडून न परतता स्वतःही आत जाऊन रक्त द्यावे.