कलेजी कोणाच्या ताटात?

संध्याकाळी सातनंतर माझ्या आशागडच्या दवाखान्यात येणाऱ्या बायकांची एक ठरलेली तक्रार असते. "डॉक्टर, थोडा चढ चढला की दम लागतो, पाय ओढतात, डोळ्यांपुढे अंधारी येते." दिवसभर चिकूच्या वाडीत, वीटभट्टीवर किंवा कारखान्यात राबून त्या आलेल्या असतात आणि घरी गेल्यावर स्वयंपाक व्हायचाच असतो. डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली की आतला भाग फिकट, पांढुरका दिसतो. रक्त तपासले की हिमोग्लोबिन आठ-नऊवर आलेले. स्त्रीचे हिमोग्लोबिन किमान १२ असावे, गरोदरपणी किमान ११. त्याखाली गेले की तो रक्तक्षय.

हे दुखणे घरोघरचे आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्के आणि पाच वर्षांखालील मुलांपैकी जवळजवळ ६९ टक्के मुलांना रक्तक्षय आढळला.

मांसाहार करणाऱ्या घरांना मी गोळ्यांबरोबर एक साधी गोष्ट सांगतो. आठवड्यातून एकदा बोकडाची कलेजी आणा आणि तव्यावर भाजून खा. चिरण्यापासून ताटात येईपर्यंत जेमतेम अर्धा तास, त्यातली प्रत्यक्ष तव्यावरची दहा मिनिटे. कामावरून दमून आलेल्या बाईला याहून झटपट पौष्टिक कालवण सापडणे अवघड.

अशाच एका अठ्ठावीस वर्षांच्या बाईला मी हे सांगितले होते. गोळ्याही दिल्या होत्या. दोन महिन्यांनी आली तर हिमोग्लोबिन होते तिथेच.

"गोळ्या घेतेस ना?"

"मळमळायचं, म्हणून पंधरा दिवसांत सोडल्या."

"आणि कलेजी?"

"आणतो ना, दर रविवारी."

"तुझ्या ताटात किती येते?"

ती गप्प बसली. मग हळूच म्हणाली, "हे आणि ह्यांचे दोस्त बसतात. पोरं दोन तुकडे उचलतात. मी तव्याला भाकर पुसून घेते."

चूक माझीच होती. कलेजी खा एवढे मी सांगितले, पण ती कोणी खायची हे सांगायचे राहून गेले. म्हणून आज हा लेख.

कलेजीत एवढे काय आहे?

यकृत हे शरीराचे कोठार. लोह, फोलिक अ‍ॅसिड, ब-१२ आणि अ जीवनसत्त्व यांचा साठा तिथे असतो. १०० ग्रॅम कलेजीत सुमारे १९-२० ग्रॅम प्रथिने आणि सहा मिलिग्रॅमच्या आसपास लोह असते. पालेभाजीतही लोह असते, पण ते शरीरात थोडेच शोषले जाते. मांसातील लोह अधिक सहज शोषले जाते. शिवाय मांसाबरोबर खाल्लेल्या भाकरी-भाजीतील लोहही शरीर जास्त घेते.

कलेजी आणि रक्त यांचा संबंध शास्त्राने १९२० च्या दशकात सिद्ध केला. रक्तक्षयाचा एक प्रकार तेव्हा असाध्य मानला जाई. असे रोगी भरपूर कलेजी खाऊ घातल्यावर सुधारतात, हे १९२६ साली अमेरिकेतील मिनो आणि मर्फी या डॉक्टरांनी दाखवले. व्हिपल यांच्यासह त्यांना १९३४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या कलेजीतला गुण ब-१२ चा होता, हे पुढे १९४८ मध्ये उलगडले.

दुसरी कथा आपल्या मुंबईची आहे. ल्यूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीण १९२८ मध्ये मुंबईत आल्या. गिरणीत काम करणाऱ्या गरीब गरोदर बायकांचा रक्तक्षय त्यांनी अभ्यासला. कलेजीच्या अर्काने तो बरा होई, पण तो महाग. स्वस्त यीस्टच्या अर्कानेही तसाच गुण येतो, हे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातला औषधी घटक म्हणजेच पुढे सापडलेले फोलिक अ‍ॅसिड. आज गरोदर बाईला दिल्या जाणाऱ्या लोहाच्या गोळीत ते असते. त्या गोळीचे एक मूळ असे मुंबईच्या गिरणगावात आहे.

तव्यावर कशी करावी?

चार माणसांना पाव किलो कलेजी पुरते. सकाळी ताजी घ्यावी. ती चमकदार, तपकिरी-लाल आणि घट्ट असावी, वास नसावा. पाण्याने भरलेले फोड दिसले तर घेऊ नये. ते एका पट्टकृमीचे असू शकतात. असा टाकाऊ भाग कुत्र्याला घालू नये, जमिनीत खोल पुरावा. कुत्र्याच्या पोटात तो जंत वाढतो आणि त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून आपल्या हाता-अन्नापर्यंत पोहोचतात.

घरी फ्रीज असेल तर कलेजी संध्याकाळपर्यंत त्यात झाकून ठेवावी. नसेल तर सकाळीच शिजवून सकाळीच खावी. उन्हाळ्यात दिवसभर बाहेर ठेवलेली कलेजी म्हणजे जुलाबांना आमंत्रण.

वरचा पातळ पापुद्रा काढून सुपारीएवढे सारखे तुकडे करावेत आणि स्वच्छ फडक्याने कोरडे टिपावेत. हे टिपणे महत्त्वाचे आहे. पाणी १०० अंशांना उकळते आणि ते अंगावर असेपर्यंत तुकडा भाजत नाही, उकडतो. खमंग तपकिरी रंग यायला पृष्ठभाग त्याहून बराच गरम व्हावा लागतो. म्हणून लोखंडी तवा आधी चांगला तापवावा, दोन चमचे तेल घालावे आणि तुकडे सुटे-सुटे मांडावेत. सगळे एकदम ओतले तर तवा थंड होतो आणि पाणी सुटते. दोन वेळा करून भाजावेत.

एका बाजूने दोन-अडीच मिनिटे न हलवता, मग उलटून तेवढाच वेळ. नंतर आच कमी करून ठेचलेले आले-लसूण, हिरवी मिरची, हळद घालावी आणि मिनिट-दोन मिनिटे परतावे. मीठ शेवटी. सर्वात जाड तुकडा मधोमध कापून पाहावा. आत लाल रंग नको, लाल पाणी सुटायला नको. तसे दिसताच तवा उतरवावा, कारण फार वेळ ठेवली तर कलेजी रबरासारखी होते. वर लिंबू पिळावे. लिंबातील क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करते. सोबत नागलीची किंवा तांदळाची भाकरी. जेवणावर चहा मात्र नको, तो लोहाला अडवतो. चहा आणि जेवण यांत तासाभराचे अंतर ठेवावे.

शहरी हॉटेलांत मांसाचा जाड तुकडा बाहेरून भाजून आत लालसर ठेवतात, मग आपण का नाही, असे एका तरुणाने मला विचारले होते. अखंड मांसाच्या तुकड्यात जंतू बहुधा पृष्ठभागावर असतात, ते भाजताना मरतात. कलेजीत आणि कोंबडीत ते आतही असू शकतात. खिम्यात तर बाहेरचे आत मिसळलेले असतात. म्हणून हे तिन्ही आतपर्यंत शिजलेच पाहिजेत. कच्चे मांस कापलेली विळी आणि पाट साबणाने धुतल्याशिवाय त्यावर कांदा-कोथिंबीर चिरू नये.

कोणी जपून खावी?

कलेजीत अ जीवनसत्त्व फार असते आणि ते शरीरात साठते. गरोदर बाईने, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, कलेजी टाळावी. त्याचा गर्भाला अपाय होऊ शकतो. तिने गोळ्या घ्याव्यात आणि साधे मांस, अंडी, मासे, डाळी खाव्यात. लहान मुलाला आठवड्यातून एकदा दोन-तीन लहान तुकडे पुरेत. सांध्यांत युरिक अ‍ॅसिडचा त्रास असणाऱ्यांनी टाळावी. हृदयरोग्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

आणखी एक गोष्ट आपल्या डहाणू-तलासरीसाठी महत्त्वाची. इथे सिकलसेलचे रोगी आहेत. एका मुलाला त्याच्या वडिलांनी कित्येक महिने कलेजी आणि रक्तवाढीचे टॉनिक दिले. पोर फिकट ते फिकटच, शिवाय हातपाय दुखत. तपासणीत सिकलसेल निघाला. त्यात लोह कमी असतेच असे नाही, आणि वारंवार रक्त चढवलेल्या रोग्यात ते उलट साठलेले असू शकते. म्हणून फिकटपणा दिसला की आधी रक्त तपासा. प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, सिकलसेलची तपासणीही मागा. अनवाणी शेतात वावरणाऱ्यांच्या पोटात आकडेकृमी असतील तर ते रक्त पितच राहतात. फुटक्या घड्यात किती पाणी ओतणार? जंताचे औषधही घ्यावे.

रक्तक्षय एकदा झाला की नुसती कलेजी पुरत नाही. भारतीय मापाप्रमाणे स्त्रीला रोज २९ मिलिग्रॅम लोह आहारातून हवे. आठवड्याच्या एका वाटीभर कलेजीने ते कसे भरणार? तेव्हा गोळ्या सोडू नयेत. मळमळ होत असेल तर रात्री जेवणानंतर घ्याव्यात. शौचाला काळे होते, त्याला घाबरू नये. शाकाहारी वाचकांनी नागली, मोड आलेली मटकी, हिरव्या पालेभाज्या आणि त्यावर लिंबू हे सूत्र धरावे.

त्या बाईच्या नवऱ्याला मी पुढच्या खेपेला बोलावून घेतले. समोर बसवून तिच्या रक्ताचा कागद दाखवला आणि म्हटले, "तुझं हिमोग्लोबिन चौदा, हिचं आठ. कलेजी कोणी खायची, तूच सांग." तो ओशाळून हसला. "दोस्तांना शेंगदाणे देईन, डॉक्टर." तीन महिन्यांनी ती आली तेव्हा हिमोग्लोबिन साडेदहावर होते. गोळ्यांचा वाटा त्यात मोठा होताच. पण तिने आपण होऊन सांगितले, "आता पहिला तुकडा माझ्या ताटात टाकतात."

तवा उतरवल्यावर वाढायला सुरुवात कुठून होते, हे आज रात्री आपल्या घरीही जरा पाहा.